नाफ्टा आला, कारखाने आले, पगार का नाही आला?

सध्या दर काही महिन्यांनी कुठल्या तरी देशाशी मुक्त व्यापार कराराची बातमी येते आणि लगेच इथे दोन फळ्या पडतात. एकीचं म्हणणं रोजगाराचा पाऊस पडणार, दुसरीचं म्हणणं देश विकला. दोन्हीकडच्या मित्रांना विनंती, पाच मिनिटं भांडण थांबवा आणि मेक्सिकोची गोष्ट वाचा. तिथे तीस वर्षं उलटून गेलीत, हिशेब समोर आहे.

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा नाफ्टा करार १ जानेवारी १९९४ ला लागू झाला. त्याच दिवशी पहाटे मेक्सिकोच्या दक्षिणेला, चियापास राज्यात, झापातिस्ता म्हणवणाऱ्या आदिवासी शेतकऱ्यांनी बंदुका घेऊन सान क्रिस्तोबाल शहराचा ताबा घेतला. तारीख मुद्दाम निवडलेली होती. कराराच्या तयारीत १९९२ साली मेक्सिकोने घटना बदलून गावकीच्या सामाईक जमिनी विकायची वाट मोकळी केली होती. पुढे काय वाढून ठेवलंय ते त्या लोकांना कळत होतं.

राष्ट्राध्यक्ष सालिनास सांगत होते की आता मेक्सिको माणसं नाही, माल पाठवेल. घडलं काय? मका हे तिथल्या गरिबाचं पीकही आणि भाकरीही. अमेरिकेचा अनुदानावर पिकलेला स्वस्त मका आत येऊ लागला. करारात मक्याला १५ वर्षांची सवलत होती, पण मेक्सिकोच्या सरकारनेच ठरल्यापेक्षा जास्त मका बिनजकात आत घेतला. शेतकऱ्याचा भाव पडला. आणि गंमत बघा, ग्राहकाची तोर्तिया काही स्वस्त झाली नाही. १९९९ मध्ये तिच्यावरचं भाव-नियंत्रण गेलं, त्याच वर्षी मका खरेदी करणारी सरकारी संस्था बंद झाली. (हे वाचताना तुम्हाला आपलं काही आठवलं तर तो दोष माझा नाही.)

शेती सुटलेला माणूस उत्तरेला निघाला. सीमेवर माकिलादोरा म्हणजे सुटे भाग आणून जोडायचे आणि तयार माल अमेरिकेला पाठवायचा, असे कारखाने १९६५ पासूनच होते. नाफ्टानंतर तिथली कामगारसंख्या साडेपाच लाखांवरून २००० सालापर्यंत १३ लाखांच्या घरात गेली. रोजगार आला, हे खरंच आहे, नाकारू नका. पण सगळ्यांना पुरेल इतका नाही. अमेरिकेत राहणारे मेक्सिकोत जन्मलेले लोक १९९० मध्ये ४० लाखांच्या थोडे वर होते, २००७ पर्यंत सव्वा कोटीच्या आसपास गेले. मालाच्या ट्रकला जकात माफ होत होती, त्याच १९९४ साली अमेरिकेने सान दिएगोच्या सीमेवर माणसं अडवायला जादा पहारा बसवला.

बरं, कारखाने आले तर पगार वाढायला हवे होते ना? १९९४ च्या डिसेंबरमध्ये पेसो कोसळला, महागाईने पगार खाल्ला, तो दोष नाफ्ट्याच्या माथी मारता येणार नाही. पण नंतरही पगार रांगतच राहिले. कारण मला तरी सरळ दिसतं: युनियन मालकाच्या खिशातली होती. पहिला कामगार भरती व्हायच्या आधीच कंपनी आणि युनियनचा पुढारी करारावर सह्या करून मोकळे. कामगाराला आपण युनियनमध्ये आहोत हेसुद्धा कित्येकदा माहीत नसायचं.

अमेरिकेचा कामगार यात जिंकला का? तोही नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या केट ब्रॉन्फेनब्रेनर यांनी नव्वदच्या दशकात तिथल्या युनियन मोहिमांचा अभ्यास केला. निम्म्याहून जास्त ठिकाणी मालकांनी कारखाना बंद करण्याची किंवा हलवण्याची धमकी दिली होती. कारखाना हलवायची गरजच नाही, हलवीन म्हटलं की वाटाघाटी संपल्या. पुढे २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि मेक्सिकोच्या माकिलादोरांतलीही नोकरी तिकडे जाऊ लागली.

पगार हलला तो बऱ्याच उशिरा. जानेवारी २०१९ मध्ये नव्या सरकारने सीमाभागात किमान वेतन दुप्पट केलं, दिवसाला १७६ पेसो. मातामोरोसमध्ये कामगारांनी जुन्या करारातलं एक कलम शोधून काढलं, किमान वेतन वाढलं की बाकीचे पगारही त्या प्रमाणात वाढतील असं. वीस टक्के वाढ आणि ३२ हजार पेसो बोनस मागत चाळीसेक कारखाने बंद पाडले. बहुतेकांनी मागणी मान्य केली. मग हजारोंना कामावरून काढलं, तेही झालं.

१ जुलै २०२० ला नाफ्ट्याच्या जागी नवा करार आला. त्यात मोटारीचा ठरावीक हिस्सा तासाला किमान १६ डॉलर मिळवणाऱ्या कामगारांच्या हातचा हवा, अशी अट आहे. आणि युनियनचा हक्क दाबला तर त्या एका कारखान्यावर थेट कारवाई. सिलाओच्या जनरल मोटर्समध्ये हे पहिल्यांदा वापरलं गेलं. २०२१ मध्ये कामगारांनी गुप्त मतदानाने जुना करार फेकून दिला, २०२२ मध्ये स्वतंत्र युनियन निवडली आणि साडेआठ टक्के पगारवाढ घेतली.

पिएद्रास नेग्रास नावाच्या सीमेवरच्या शहरात मोटारींच्या आतल्या भागांचा एक कारखाना होता. तिथेही कामगारांनी स्वतंत्र युनियन निवडून आणली. २०२३ मध्ये कंपनीने कारखानाच बंद केला.