गादी, माती आणि महाराष्ट्र केसरीची गदा

राज्यातील सर्वांत बलदंड मल्ल कोण, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्र केसरीच्या गदेने दिले जाते. त्या गदेकडे जाणाऱ्या वाटा मात्र दोन आहेत.

पहिली मातीतून जाते. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात खासबागचे मैदान उभे राहिले. जुन्या रिवाजात गुणांना स्थान नव्हते. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली, की कुस्ती निकाली.

दुसरी वाट गादीवरून जाते. तेथे ऑलिंपिकचे नियम, ठरावीक मिनिटे आणि गुण. याच पद्धतीच्या कुस्तीत १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

१९६१ साली औरंगाबादेत दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. आज गादी आणि माती या दोन्ही विभागांचे विजेते अंतिम लढतीत समोरासमोर येतात. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात गादी विभागाच्या शिवराज राक्षेने माती विभागाच्या महेंद्र गायकवाडला नमवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मातीच्या सिकंदर शेखने राक्षेला हरवून गदा मातीकडे नेली.

दोन परंपरांचा वाद असा आखाड्यातच सुटतो. वजनाचा प्रश्न मात्र उरतो. ही गदा ८६ ते १२५ किलो वजनाच्या मल्लांसाठी असते. खाशाबा बँटमवेट गटाचे, म्हणजे ५७ किलोंच्या आतले. आजच्या नियमांनुसार त्यांना या लढतीत उतरताच आले नसते. म्हणून कुस्तीचा इतिहास केवळ गदाधारकांच्या यादीवरून वाचणे अपुरे ठरते.