ड्रमर : हिमनदीच्या प्रदेशातील पाणथळ काळी माती

अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या मध्य व पूर्व भागात मैलोन् मैल सपाट शेते पसरलेली आहेत. मका आणि सोयाबीन ही तेथील दोन मुख्य पिके. या सपाटीवर सर्वाधिक क्षेत्र व्यापणाऱ्या मातीचे नाव ‘ड्रमर’ असे आहे. शिकागोच्या दक्षिणेला असलेल्या फोर्ड काउंटीतील ड्रमर क्रीक या ओढ्यावरून हे नाव घेण्यात आले आणि १९२९ साली मृदा सर्वेक्षणात या मातीची स्वतंत्र मालिका म्हणून नोंद झाली. एकट्या इलिनॉय राज्यात तिचे क्षेत्र १५ लाख एकरांहून, म्हणजे सुमारे सहा लाख हेक्टरांहून अधिक आहे. २००१ साली तिला राज्याची अधिकृत माती म्हणून मान्यता मिळाली.

जगातील अत्यंत सुपीक जमिनींमध्ये या मातीची गणना होते. मृदाविज्ञानाच्या नोंदीत मात्र तिच्यापुढे ‘निकृष्ट निचऱ्याची’ असा शेरा आहे. शंभराहून अधिक वर्षे जमिनीखालच्या नळ्यांतून पाणी काढून टाकल्यानंतरही हा शेरा कायम आहे. असे का, हे समजून घ्यायचे तर ही माती तयार कशी झाली आणि तिचे वर्गीकरण कोणत्या तत्त्वावर केले जाते, हे पाहावे लागते.

हिमनदी आणि वारा

विस्कॉन्सिन हिमकाल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शेवटच्या हिमकालात, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी, मिशिगन सरोवराच्या खोऱ्यातून पुढे सरकलेल्या हिमनदीने ईशान्य इलिनॉय व्यापले होते. पुढील काही हजार वर्षांत हिमनदी मागे हटू लागली. तिच्या वितळत्या पाण्याने वाळू, बारीक खडे आणि गाळ यांचे थर सखल भागात पसरवले. हे थर म्हणजे ड्रमर मातीचा पाया होय.

त्यावरचे आवरण वाऱ्याने आणले. मिसिसिपी आणि इलिनॉय या नद्यांच्या पात्रांत हिमनदीने दळलेल्या खडकाचे पीठ उघडे पडत असे. कोरड्या ऋतूत पश्चिमेकडील वारे ते उचलून पूर्वेकडे नेत. अशा वातनिर्मित निक्षेपाला ‘लोएस’ म्हणतात. ड्रमरच्या प्रदेशात या लोएसची जाडी साधारण एक ते दीड मीटर आहे.

लोएसचे कण वाळूपेक्षा बारीक आणि चिकणमातीपेक्षा जाड असतात. अमेरिकी पद्धतीनुसार ०.००२ ते ०.०५ मिलिमीटर व्यासाच्या कणांना सिल्ट म्हटले जाते. आपल्याकडे त्यांना पोयटा म्हणतात. पोयट्याच्या कणांमधील पोकळ्या पाणी धरून ठेवण्याइतक्या लहान आणि मुळांना शिरू देण्याइतक्या मोठ्या असतात. त्यामुळे अशी जमीन पिकांना मानवते.

मातीचा उभा छेद

ड्रमर मातीत दीड मीटर खोल चर खणला, तर तिचा इतिहास उभ्या भिंतीवर वाचता येतो. वरचा ३५ ते ५० सेंटिमीटरचा थर काळाभोर असतो. त्यात सेंद्रिय द्रव्याचे प्रमाण साधारणपणे ४ ते ७ टक्के असते. हजारो वर्षे येथे ओल्या प्रेअरीतील उंच गवते आणि लव्हाळ्यासारख्या वनस्पती वाढत होत्या. त्यांची दाट मुळे दरवर्षी मातीत मरत व कुजत. परंतु पाण्याने भरलेल्या मातीत प्राणवायू कमी असल्याने कुजण्याची क्रिया मंदावे. जितके साचे, तितके नाहीसे होत नसे. ही जमीन इतकी काळी आणि सुपीक होण्यात या पाण्याचा मोठा वाटा आहे.

काळ्या थराखाली रंग एकदम बदलतो. तेथे राखी किंवा हिरवट छटेची राखी माती लागते आणि तिच्यात पिवळसर तपकिरी ठिपके दिसतात. हे ठिपके लोहाचे होत. हवा खेळती असलेल्या मातीत लोहाला गंज चढतो आणि माती तांबूस होते. माती दीर्घकाळ पाण्याखाली राहिली, की सूक्ष्मजीव प्राणवायूअभावी या गंजावर श्वसन भागवतात. लोह विरघळून दूर जाते आणि मातीच्या कणांचा मूळचा राखी रंग उघडा पडतो. पाणी उतरल्यावर मुळांच्या वाटांनी हवा शिरते, तेथे लोह पुन्हा गंजून ठिपके तयार होतात. मृदाशास्त्रज्ञ रंगांच्या प्रमाणित पुस्तिकेशी हे रंग ताडून पाहतात आणि पाण्याची पातळी वर्षातून कोठवर चढत होती, हे ठरवतात.

सर्वात खाली, साधारण एक ते दीड मीटरवर लोएस संपतो आणि हिमनदीच्या पाण्याने आणलेले वालुकामय थर सुरू होतात.

रंगाबाबत मराठी वाचकाने एक सावधगिरी बाळगावी. महाराष्ट्रातील बेसॉल्टपासून बनलेली काळी कापसाची जमीन, म्हणजे रेगूर, हीही काळीच. परंतु तिच्यात सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि वर्गीकरणात ती ‘व्हर्टिसॉल’ या निराळ्या गणात मोडते. दोन्ही मातींचा काळेपणा सारखा दिसला तरी त्यामागची कारणे निराळी आहेत.

निचरा निकृष्ट का?

अमेरिकी मृदा सर्वेक्षणात नैसर्गिक निचऱ्याचे सात वर्ग मानले जातात. एका टोकाला अतिशय जलद निचऱ्याच्या वालुकामय जमिनी, तर दुसऱ्या टोकाला अतिशय निकृष्ट निचऱ्याच्या दलदली. ड्रमरचा क्रमांक या टोकापासून दुसरा. नैसर्गिक अवस्थेत जानेवारी ते मे या काळात तिच्यातील भूजल पृष्ठभागापासून एका फुटाच्या आत येते आणि काही ठिकाणी वर साचूनही राहते.

येथे एक सर्वसामान्य गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. निचरा निकृष्ट म्हणजे माती घट्ट व अभेद्य, असे नेहमीच नसते. ड्रमरमधून पाणी मध्यम गतीने सहज झिरपते. अडचण मातीच्या पोताची नसून जागेची आहे. तिचा उतार शून्य ते दोन टक्के एवढाच. आसपासच्या किंचित उंच जमिनींवरील पाणी तिच्याकडे येते आणि हिमनदीने नुकत्याच सपाट केलेल्या या प्रदेशात ते वाहून नेणाऱ्या ओढ्यांचे जाळे पुरेसे विकसित झालेले नव्हते. भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने हा भूप्रदेश अगदी तरुण आहे.

उंचीतील हा फरक शेजारच्या मातींतही दिसतो. उंचवट्यावर ‘कॅटलिन’ ही बऱ्यापैकी निचऱ्याची माती, मध्ये ‘फ्लॅनगन’ आणि तळाशी ‘ड्रमर’ असा क्रम या भागात वारंवार आढळतो. एकाच उतारावरील मातींच्या अशा साखळीला जेफ्री मिल्न यांनी १९३५ साली पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून ‘कॅटेना’ हे नाव दिले. दोन-तीन मीटरच्या चढउताराने मातीचे नावच बदलावे, हे त्यावरून समजते.

नावाचा अर्थ

अमेरिकी मृदा वर्गीकरणाची प्रचलित पद्धती १९७५ साली ग्रंथरूपात प्रसिद्ध झाली. तिचे प्रमुख शिल्पकार गाय स्मिथ यांनी १९४२ साली इलिनॉयच्या लोएसवरच महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. या पद्धतीत आज १२ गण असून गणापासून मालिकेपर्यंत सहा पायऱ्या आहेत. ड्रमर ही मालिका, म्हणजे शेवटची पायरी. तिच्या वरच्या पायऱ्यांचे पूर्ण नाव ‘फाइन-सिल्टी, मिक्स्ड, सुपरॲक्टिव्ह, मेसिक टिपिक एन्डोॲक्वॉल्स’ असे लांबलचक आहे. ते शेवटाकडून वाचल्यास उलगडते.

‘ऑल्स’ हा ‘मॉलिसॉल’ या गणाचा अंश. मऊ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तो आला. जाड, गडद, भुसभुशीत आणि कॅल्शियमसारख्या घटकांनी संपन्न असा वरचा थर हे या गणाचे लक्षण. ‘ॲक्व’ म्हणजे पाणी, हा उपगण. ‘एन्डो’ म्हणजे वरपासून खालपर्यंत सर्व थर भूजलाने भरणारे. एखाद्या घट्ट थरावर केवळ वरचेवर पाणी अडत असेल, तर ‘एपि’ हा उपसर्ग लागतो. ‘टिपिक’ म्हणजे त्या गटाचा नमुनेदार प्रतिनिधी.

उरलेली विशेषणे कुटुंब दर्शवतात. ‘मेसिक’ म्हणजे मातीचे वार्षिक सरासरी तापमान ८ ते १५ अंश सेल्सियसच्या दरम्यान. ‘सुपरॲक्टिव्ह’ म्हणजे चिकणकणांच्या प्रमाणात पोषकद्रव्ये धरून ठेवण्याची क्षमता फार मोठी. ‘मिक्स्ड’ म्हणजे कोणत्याही एका खनिजाचे प्राबल्य नाही. ‘फाइन-सिल्टी’ म्हणजे चिकणकण १८ ते ३५ टक्के, वाळूचे जाड कण १५ टक्क्यांहून कमी आणि उरलेला भरणा मुख्यत: पोयट्याचा.

या व्याख्येत एक छोटा पण अर्थपूर्ण खुलासा आहे. ‘ॲक्व’ गटासाठी माती वर्षाचा काही काळ पाण्याने भरलेली असावी लागते, ‘अथवा तिचा कृत्रिम निचरा केलेला असावा’. म्हणजे माणसाने पाणी काढून टाकले तरी वर्गीकरण ते विसरत नाही. राखी रंग आणि लोहाचे ठिपके शतकभरानंतरही तसेच राहतात, म्हणून हा नियम. पाणथळ जमिनींच्या सरकारी यादीतही ड्रमरचे नाव निचऱ्यानंतर कायम आहे.

दलदलीतून धान्याच्या कोठाराकडे

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आलेले वसाहतकार ही ओली सपाटी टाळून ओढ्याकाठच्या झाडीत वस्ती करत. येथे गाडी रुतत असे आणि हिवतापाची साथ नेहमीची होती. जॉन डीअर यांनी १८३७ साली इलिनॉयमध्ये बनवलेल्या पोलादी नांगराने चिकट माती उलटण्याचा प्रश्न सुटला, परंतु पाण्याचा नव्हे. १८५० च्या कायद्याने केंद्र सरकारने दलदलीच्या जमिनी राज्यांकडे सोपवल्या. १८७९ साली इलिनॉयमध्ये निचरा मंडळांचे कायदे झाले. त्यामुळे शेतकऱ्यांना एकत्र येऊन सामायिक चर खणता आले आणि त्यासाठी कर बसवता आला.

खरा बदल घडवला भाजलेल्या मातीच्या नळ्यांनी. सुमारे एक मीटर खोलीवर टोकाला टोक लावून या नळ्या पुरल्या जात. सांध्यांतून पाणी आत शिरे आणि चराकडे वाहून जाई. ड्रमरची माती पाणी अडवणारी नसल्याने हा उपाय तिला तंतोतंत लागू पडला. १९६० च्या दशकानंतर सच्छिद्र प्लास्टिक नळ्यांचा प्रसार झाला. सांगली-कोल्हापूर भागात कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी सुधारण्यासाठी सच्छिद्र पाइपांची जी निचरा पद्धत वापरतात, तिचे तत्त्व हेच आहे. तेथे मात्र पाण्याबरोबर क्षारही बाहेर काढायचे असतात.

१७८० ते १९८० या दोनशे वर्षांत इलिनॉयने आपल्या सुमारे ८५ टक्के पाणथळ जागा गमावल्या. त्यांच्या जागी जगातील एक मोठे धान्याचे कोठार उभे राहिले.

निचऱ्याची किंमत

पाणी निघाले आणि हवा आत आली. पिकांची मुळे खोल गेली, तशी सेंद्रिय द्रव्य कुजण्याची गतीही वाढली. अर्बाना येथील इलिनॉय विद्यापीठात १८७६ पासून चालू असलेल्या ‘मॉरो प्लॉट्स’ या प्रयोगशेतीत, ड्रमरची शेजारीण असलेल्या फ्लॅनगन मातीवर, खताविना सतत मका घेतलेल्या तुकड्यातील सेंद्रिय कर्ब कसा घसरत गेला, याची दीर्घ नोंद आहे. या शेतावर सावली पडू नये म्हणून शेजारचे ग्रंथालय जमिनीखाली बांधण्यात आले व १९६९ साली ते सुरू झाले.

दुसरी किंमत पाण्यात मोजावी लागते. पाणथळ अवस्थेत मातीतील सूक्ष्मजीव नायट्रेटचे रूपांतर वायुरूप नत्रात करतात. नळ्यांनी ही संधीच हिरावली. खतांतील आणि कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्यातील नायट्रेट आता वसंतातील पावसाबरोबर थेट ओढ्यात उतरते. सँगमन नदीवरील डिकेटर शहराला आपल्या जलाशयातील नायट्रेट काढण्यासाठी २००२ साली स्वतंत्र संयंत्र उभारावे लागले. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रेट-नत्राची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. उरलेले नायट्रेट मिसिसिपीवाटे मेक्सिकोच्या आखातात पोचते. तेथे शेवाळाची बेसुमार वाढ होते आणि ते कुजताना तळाजवळच्या पाण्यातील प्राणवायू संपतो. २०१७ साली प्राणवायूविरहित पाण्याचा हा पट्टा २२,७२० चौरस किलोमीटर एवढा विस्तारला. ही तोवरची सर्वात मोठी नोंद होती.

२०१५ साली इलिनॉयने नत्र व स्फुरद यांचा ऱ्हास ४५ टक्क्यांनी घटवण्याचे दीर्घकालीन उद्दिष्ट जाहीर केले. त्यासाठी सुचवलेले उपाय लक्षात घेण्यासारखे आहेत. नळ्यांच्या मुखाशी लाकडाच्या चुऱ्याचे खड्डे करून तेथे सूक्ष्मजीवांना काम देणे, पीक नसताना नळीचे दार बंद ठेवून भूजल वर येऊ देणे, हिवाळ्यात आच्छादन पिके घेणे आणि काही सखल तुकडे पुन्हा पाणथळ होऊ देणे. यांतील बहुतेक उपाय म्हणजे या मातीत पूर्वी आपोआप होणारे काम माणसाने थोड्या जागेत पुन्हा सुरू करणे होय.

निकृष्ट निचरा हा शेतकऱ्याच्या दृष्टीने दोष असला तरी ड्रमरची समृद्धी त्या दोषातूनच आली आहे. तिच्या वैज्ञानिक नावातील पाण्याचा उल्लेख म्हणूनच केवळ भूतकाळाची नोंद नाही. ही जमीन पुढील शंभर वर्षे पिकती ठेवायची, तर किती पाणी काढावे आणि किती राहू द्यावे, हा प्रश्न तेथील शेतकऱ्यांना टाळता येणार नाही.