ॲस्बेस्टस नावाचे गाव

छपराचा सिमेंटचा जुना पत्रा फुटला की कडेला पांढुरके तंतू दिसतात. (वर्गात दाखवायला तुकडा मात्र आणू नये.) हे तंतू आपल्याकडे बराच काळ कॅनडातून येत. तेथे क्वेबेक प्रांतात ॲस्बेस्टस याच नावाचे गाव होते, आणि गावाला लागून जेफ्री ही उघडी खाण.

खाणीचा खडक मुळात समुद्राखालचा. सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वी महासागराच्या तळाचा एक भाग खंडाच्या कडेवर ढकलला गेला. त्यातील ऑलिव्हीनयुक्त खडकात पाणी मुरून सर्पेंटाइन तयार झाले आणि भेगांमधून क्रायसोटाइलचे तंतू वाढले. या खनिजात सिलिकेटचा थर किंचित लहान, मॅग्नेशियमचा किंचित मोठा. दोन्ही जुळत नाहीत म्हणून पापुद्रा चटईसारखा गुंडाळला जातो. अशी एक सुरळी मिलिमीटरच्या सुमारे चाळीस हजाराव्या भागाएवढी जाड असते!

१८७९च्या सुमारास येथे खाणकाम सुरू झाले. पुढे सुरुंग लावून पायऱ्यापायऱ्यांनी खड्डा खोल होत गेला. शंभर किलो खडकात तंतू जेमतेम पाच-दहा किलो. ते निवडायचे कसे? खळ्यावर आपण धान्य उफणतो, तसेच काहीसे. खडक वाळवायचा, फोडायचा, चाळण्यांवर हलवायचा आणि वर आलेला हलका तंतू हवेच्या झोताने ओढून घ्यायचा. खरी गोम इथेच आहे. जो तंतू हवा उचलते, तो श्वासाबरोबर फुप्फुसातही जातो. गिरणी चालायची ती धूळ उडवूनच.

ब्रिटनमध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांनी १९३० सालीच कामगारांच्या फुप्फुसांची अवस्था अहवालात मांडली होती. तरीही फेब्रुवारी १९४९मध्ये क्वेबेकच्या सुमारे पाच हजार खाण कामगारांना पगारवाढीबरोबर धूळ हटवण्याची मागणी घेऊन संप करावा लागला. प्रांत सरकारने तो बेकायदेशीर ठरवला. चार महिन्यांहून अधिक काळ चाललेल्या संपानंतर पगार थोडा वाढला, धूळ राहिली. आमच्या मते या इतिहासातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच आहे. अज्ञानाची सबब तेव्हाही उरली नव्हती.

खड्डा रुंदावत गेला तशी गावातली घरेही हलवावी लागली. अखेर तो सुमारे दोन किलोमीटर रुंद आणि ३५० मीटर खोल झाला. २०११ साली उत्खनन थांबले, २०१८ साली कॅनडाने ॲस्बेस्टसवर बंदी घातली आणि २०२० साली गावकऱ्यांनी मतदान करून गावाचे नाव बदलले: वाल-दे-सूर्स. खड्ड्यात आता पाणी साठले आहे. शेजारी टाकाऊ चुऱ्याच्या टेकड्या उभ्या आहेत, आणि चाळण्यांतून निसटलेला तंतू त्यांत अजून आहे.