रॉकेट कशाला रेटते?

वाचकहो, बैलगाडी चिखलात रुतली, की गाडीवान आधी खाली उतरतो आणि मग चाकाला हात घालतो. गाडीतच बसून त्याने पुढच्या फळीला कितीही रेटा दिला, तरी गाडी हलायची नाही. कारण हात तिला जितके पुढे लोटतात, तितकेच पाय तिला मागे लोटतात. अंतर्गत बलांची बेरीज शून्य. बाहेरचे बल लागल्यावाचून एकंदर संवेग बदलत नाही. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'तील नियमांचाच हा अर्थ.

मग पोकळीत रॉकेट चालावे कसे? तिथे तर रेटायला हवासुद्धा नाही! वर्गातल्या चुणचुणीत पोराला पडावी अशीच ही शंका. पण १९२० साली ती एका नामांकित वृत्तपत्राला पडली आणि त्यापायी एका शास्त्रज्ञाची टर उडाली.

रॉबर्ट गॉडर्ड हे अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवीत. अतिउंचावर उपकरणे पोचविण्यासंबंधीचा त्यांचा प्रबंध स्मिथसोनियन संस्थेने छापला. त्यावर १३ जानेवारी १९२० च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील संपादकीय स्फुटाने म्हटले, की शाळेत शिकवतात तेवढेही ज्ञान या गृहस्थांना दिसत नाही!

संपादकांचे चुकले कुठे? रॉकेट हवेला रेटीत नाही. ते आपल्याच पोटातल्या वायूला रेटते. वायू मागे जातो, रॉकेट पुढे. दोघांचे संवेग परस्परविरुद्ध आणि सारखे, म्हणून बेरजेत फरक नाही. नियम मोडला नाही; उलट त्याच्याच जोरावर रॉकेट चालले. गॉडर्डनी तर निर्वात नळीत प्रयोगही केले होते. तिथे रेटा कमी न होता वाढलाच, कारण बाहेर पडणाऱ्या वायूला हवेचा अडथळा उरला नव्हता.

१६ मार्च १९२६ रोजी ऑबर्न गावी त्यांचे पेट्रोल व द्रवरूप प्राणवायूवर चालणारे रॉकेट उडाले. अडीच सेकंद आणि सुमारे ४१ फूट उंची, एवढीच त्याची मजल! पण द्रव इंधनाचे ते जगातले पहिले रॉकेट. गॉडर्ड १९४५ साली वारले. १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना, त्या वृत्तपत्राने आपली चूक छापून कबूल केली. ती वाचायला गॉडर्ड नव्हते.

शिक्षकबंधूंनो, उद्या एखादे पोर हीच शंका विचारील. त्याला हसू नका. संथ तळ्यात होडीत बसवा आणि एक धोंडा मागे भिरकवायला सांगा. होडी पुढे सरकेल, आणि उत्तर त्याचे त्यालाच सापडेल.