दहावीचा इंग्रजी पेपर : शब्द आणि व्याकरणाचे २२ गुण हातचे सोडू नका, घरच्या घरी सराव असा करा

दहावीचा निकाल लागला की गावोगावी एक वाक्य ठरलेलं असतं, "बाकी सगळं निघालं, इंग्रजीनं घात केला." मराठी माध्यमाच्या पोरांना गणित आणि इंग्रजी या दोन विषयांची धास्ती असते. गणिताला निदान शिकवणी लावली जाते. इंग्रजी मात्र 'ऐनवेळी गाईड वाचू' म्हणून मागे पडते. एका विषयात राहिलं की आयटीआयच्या बऱ्याचशा ट्रेडचा आणि डिप्लोमाचा फॉर्म अडतो. मुलगी असेल तर 'आता शाळा पुरे' असं घरात बोललं जातं. म्हणून हा विषय नुसता मार्कांचा नाही.

इंग्रजी पूर्ण यायला वर्षं लागतात, हे खरं. पण पेपरात काही प्रश्न असे आहेत की ज्यांना धडा पाठ लागत नाही, लांब उत्तर लिहावं लागत नाही, नुसता सराव लागतो. ते प्रश्न कोणते आणि त्यांचा सराव कसा करायचा, याची ही माहिती.

गुण कुठे आहेत?

राज्य मंडळाच्या मराठी माध्यमात इंग्रजी ही तृतीय भाषा. लेखी पेपर ८० गुणांचा, उरलेले २० गुण शाळेकडून होणाऱ्या मूल्यमापनाचे. पेपराला आता कृतिपत्रिका म्हणतात. तिची विभागणी अशी :

- प्रश्न १ : भाषाभ्यास – १० गुण
- प्रश्न २ : पुस्तकातले दोन उतारे – २० गुण
- प्रश्न ३ : कविता – १० गुण
- प्रश्न ४ : पुस्तकाबाहेरचा उतारा आणि सारांश – १५ गुण
- प्रश्न ५ : पत्र, संवाद किंवा भाषण – १० गुण
- प्रश्न ६ : माहितीचे रूपांतर आणि लेखन – १० गुण
- प्रश्न ७ : भाषांतर – ५ गुण

पहिल्या प्रश्नाचे १० गुण निव्वळ शब्दांचे. त्याशिवाय तिन्ही उताऱ्यांखाली २ गुण शब्दसंग्रहाला आणि २ गुण व्याकरणाला असतात, म्हणजे १२ गुण. एकूण २२. भाषांतराचे ५ धरले तर २७. शंभरात पास व्हायला ३५ लागतात, हे लक्षात घेतलं की या गुणांची किंमत कळते.

प्रश्न १ : डोकं शांत ठेवून सोडवायचा

यातला मोठा भाग ८ गुणांचा असतो, दिलेल्यांपैकी कोणतेही चार उपप्रश्न, प्रत्येकी २ गुण. प्रकार ठरलेले आहेत.

*वर्णानुक्रम लावणे.* समजा शब्द आले : क्रॉप, काऊ, कॅनल, कॅटल. चारही शब्द 'सी'पासून सुरू होतात, मग दुसरं अक्षर बघायचं. कॅनल आणि कॅटल दोन्हींत दुसरं अक्षर 'ए', मग तिसरं बघायचं. 'एन' आधी, 'टी' नंतर. म्हणून क्रम : कॅनल, कॅटल, काऊ, क्रॉप. उच्चारावर जायचं नाही, स्पेलिंगवर जायचं. कच्च्या पानावर ए ते झेड एकदा लिहून ठेवलं की चूक होत नाही.

*शब्दसाखळी.* एका शब्दाच्या शेवटच्या अक्षरापासून पुढचा शब्द. नामांची साखळी मागितली तर सगळी नामंच हवीत. क्रॉप, त्याचं शेवटचं अक्षर 'पी', म्हणून प्लांट. मग 'टी'पासून ट्री, 'ई'पासून एग, 'जी'पासून गोट. इथे फसगत होते ती न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांमुळे. 'हॉर्स' ऐकायला 'एस'वर संपतो, पण स्पेलिंग 'ई'वर संपतं.

*मोठ्या शब्दातून लहान शब्द.* किमान तीन अक्षरांचे चार शब्द करायचे. 'ॲग्रिकल्चर' आला तर कट, कॅट, राइस, टेल, लार्ज, ग्रेट असे भरपूर निघतात. नियम एवढाच की मूळ शब्दात जे अक्षर जितक्या वेळा आहे तितक्याच वेळा वापरायचं. यात 'ई' एकदाच आहे, म्हणून 'ट्री' चालणार नाही.

*विरामचिन्हे.* वाक्याची सुरुवात आणि माणसाचं-गावाचं नाव कॅपिटलमध्ये, बोललेलं वाक्य अवतरणात, अवतरणाआधी स्वल्पविराम, प्रश्न असेल तर प्रश्नचिन्ह. हे चार मुद्दे बोटावर मोजत तपासायचे. 'आय' म्हणजे मी हा शब्द वाक्यात कुठेही आला तरी कॅपिटलच.

*संबंधित शब्द.* 'क्लाउड' दिला तर ब्लॅक, डार्क, व्हाइट, हेवी. आधी दिलेलं उदाहरण बघा. तिथे विशेषण असेल तर विशेषणंच लिहा.

उरलेल्या २ गुणांत वाक्यात उपयोग, वाक्य वाढवणे आणि उपसर्ग-प्रत्यय लावणे असे प्रकार असतात. उपसर्गांत अन, इन, इम, डिस आणि प्रत्ययांत नेस, फुल, लेस, ली, मेंट एवढे पक्के केले तरी काम भागतं. हॅपीचं अनहॅपी होतं, हॅपिनेसही होतं. मात्र हॅपिनेस लिहिताना शेवटच्या 'वाय'चा 'आय' होतो.

मराठी डोक्यात असते, चूक तिथेच होते

आपली पोरं इंग्रजीत चुकतात ती बहुतेक वेळा मराठीच्या सवयीने. या सवयी ओळखल्या की अर्ध्या चुका थांबतात.

१. *क्रियापदाची जागा.* मराठीत क्रियापद शेवटी, 'मी भाकरी खातो'. इंग्रजीत ते कर्त्याच्या लगेच मागे येतं, 'आय ईट भाकरी'. वाक्य लिहायला घेताना कोण आणि काय करतो, हे दोन शब्द आधी मांडायचे. बाकीचं मागून.

२. *मान देण्याची सवय.* 'माझे वडील शेतकरी आहेत' यातल्या 'आहेत'मुळे पोरं 'माय फादर आर फार्मर' लिहितात. इंग्रजीत माणूस एक असेल तर एकवचनच, मान कितीही असो. 'माय फादर इज अ फार्मर.'

३. *वस्तूंना तो-ती.* आपण 'ती बस', 'तो रस्ता' म्हणतो, म्हणून बसला 'शी' लिहिलं जातं. निर्जीव वस्तूला 'इट'.

४. *'ने' लागल्यावर बदलणारं क्रियापद.* मराठीत 'त्याने आंबा खाल्ला', 'त्याने भाकरी खाल्ली'. कर्म बदललं की क्रियापद बदललं. इंग्रजीत दोन्हीकडे 'एट'. ही गोष्ट इंग्रजीत सोपी आहे.

५. *'एस' कधी लावायचा.* साध्या वर्तमानकाळात ही, शी, इट किंवा एका माणसाचं नाव असेल तरच क्रियापदाला 'एस'. 'ही गोज'. पण 'डझ' आला की तो 'एस' स्वतःकडे घेतो. म्हणून 'ही डझ नॉट गो'. 'ही डझ नॉट गोज' ही चूक वह्यांत सर्रास दिसते.

६. *'पासून'ला दोन शब्द.* 'सोमवारपासून' आणि 'दोन दिवसांपासून' दोन्हीकडे मराठीत 'पासून'च. इंग्रजीत जिथून सुरुवात झाली ती वेळ सांगायची असेल तर 'सिन्स मंडे'. किती काळ हे सांगायचं असेल तर 'फॉर टू डेज'.

७. *अ, ॲन, द.* मराठीत असलं काही नाही, म्हणून ते गाळलं जातं. अ की ॲन हे अक्षरावर नाही, उच्चारावर ठरतं. 'ॲन अवर' आणि 'ॲन ऑनेस्ट मॅन', कारण तिथे 'एच' बोलला जात नाही. 'अ युनिफॉर्म', कारण सुरुवात 'यु' अशी होते.

वाक्य बदलण्याचे प्रकार

उताऱ्याखालच्या व्याकरणाच्या प्रश्नात वाक्य बदलून लिहायला सांगतात. पुढचे पाच प्रकार आधी पक्के करा.

*प्रयोग बदलणे.* कर्म पुढे आणायचं, काळानुसार इज-आर किंवा वॉज-वेअर लावायचं, क्रियापदाचं तिसरं रूप लिहायचं. 'फार्मर्स ग्रो कॉटन'चं होतं 'कॉटन इज ग्रोन बाय फार्मर्स'. 'ही रोट अ लेटर'चं होतं 'अ लेटर वॉज रिटन बाय हिम'. 'ही'चा 'हिम' करायला विसरू नका.

*बोललेलं वाक्य सांगणे.* 'रमा सेड, "आय ॲम गोइंग टू द मार्केट टुडे."' याचं 'रमा सेड दॅट शी वॉज गोइंग टू द मार्केट दॅट डे'. 'सेड' असेल तर आतला काळ एक पाऊल मागे जातो, 'आय'चा 'शी' होतो, 'टुडे'चा 'दॅट डे'. हो-नाहीचा प्रश्न असेल तर 'सेड'ऐवजी 'आस्क्ड' आणि 'दॅट'ऐवजी 'इफ'.

*टू चं सो-दॅट करणे.* 'द सॅक इज टू हेवी फॉर मी टू लिफ्ट.' याचं 'द सॅक इज सो हेवी दॅट आय कॅननॉट लिफ्ट इट'. इथे दोन गोष्टी सुटतात, मधला 'नॉट' आणि शेवटचा 'इट'.

*इफ-अनलेस.* 'इफ यू डू नॉट वर्क हार्ड, यू विल फेल.' याचं 'अनलेस यू वर्क हार्ड, यू विल फेल'. 'अनलेस'च्या पोटात 'नॉट' आधीच आहे, पुन्हा लिहायचा नाही.

*प्रश्नशेपूट.* मराठीत आपण वाक्याच्या शेवटी 'ना?' किंवा 'नाही का?' लावतो, तोच प्रकार. वाक्य होकारी तर शेपूट नकारी : 'शी सिंग्ज वेल, डझन्ट शी?' वाक्य नकारी तर शेपूट होकारी : 'दे आर नॉट रेडी, आर दे?'

या सगळ्याला क्रियापदांची तीन रूपं लागतात. ती एबीसीडीप्रमाणे पाठ करण्यापेक्षा गटाने करा. न बदलणारी : कट, पुट, हिट. एका चालीची : सिंग-सँग-संग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, बिगिन-बिगॅन-बिगन. दुसऱ्या चालीची : ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट, बाय-बॉट-बॉट, थिंक-थॉट-थॉट. रोज एक गट, मोठ्याने म्हणून आणि दोनदा लिहून.

शब्द घरातच आहेत

खेड्यातल्या पोराला इंग्रजी शब्द येत नाहीत, असं नाही. मोटर, स्टार्टर, पंप, फ्यूज, वायर, ट्रॅक्टर, ट्रॉली, बिल, लाइट, डॉक्टर हे शब्द त्याच्या तोंडी रोज असतात. अडचण आहे ती स्पेलिंगची. रोज अशा पाच शब्दांचं स्पेलिंग शोधून वहीत लिहायचं, प्रत्येकाचं एक छोटं वाक्य करायचं. 'द पंप इज ओल्ड' एवढं चाललं.

खोकल्याच्या औषधाची बाटली, बिस्किटाचा पुडा, खताची गोणी यांवर इंग्रजी छापलेलं असतं. 'शेक वेल बिफोर यूज' हे आज्ञार्थी वाक्य आहे, कर्ता न लिहिता थेट क्रियापदाने सुरू होणारं. अशी वाक्यं वाचून अर्थ लावणं हा फुकटचा सराव. फवारणीच्या औषधाच्या बाटल्यांना मात्र पोरांनी हात लावू नये. मोठ्यांनी लेबलचा फोटो काढून द्यावा.

भाषांतराच्या ५ गुणांसाठीही हीच वही उपयोगी. त्यातली म्हण शब्दाला शब्द लावून करू नका. 'अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स' म्हणजे आपल्याकडचं 'नाचता येईना अंगण वाकडे'. भाव जुळला पाहिजे.

रोजची ४० मिनिटं

कापूस वेचणी, जनावरं, धारा यातून वेळ काढायचा तर तास-दोन तासांचं वेळापत्रक टिकत नाही. ४० मिनिटं ठरवून ठेवा :

- १० मिनिटं : कालच्या शब्दांची उजळणी आणि पाच नवे शब्द
- १० मिनिटं : क्रियापदांचा एक गट
- १५ मिनिटं : वाक्य बदलण्याचा एकच प्रकार, पाच वाक्यं
- ५ मिनिटं : पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचणे

रविवारी जुन्या कृतिपत्रिकेतला प्रश्न १ घड्याळ लावून १५ मिनिटांत सोडवायचा. सोडवल्यावर तपासायचा आणि चुका वेगळ्या पानावर लिहायच्या. परीक्षेच्या आधी ते पान वाचलं तरी पुष्कळ. पुस्तक फाटलं-हरवलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर ते मोफत मिळतं. एकाच्या मोबाइलवर उतरवून चौघांनी वापरलं तरी चालतं.

आई-वडिलांना इंग्रजी येत नसलं तरी मदत करता येते. पोरगं वहीत न बघता लिहील, पुस्तकातल्या शब्दाशी अक्षरं जुळतात का ते मोठ्यांनी बघायचं. अक्षर जुळवायला अर्थ कळावा लागत नाही.

पेपरच्या दिवशी

सकाळच्या सत्राचा पेपर ११ ला सुरू होतो. तीन तासांच्या पुढे १० मिनिटं जादा असतात. आधी प्रश्न १ संपवा, हात मोकळा होतो. प्रश्नातली सूचना दोनदा वाचा. 'कोणतेही चार' म्हटलं असेल तर चार. वेळ उरला तर पाचवा. एकही जागा कोरी ठेवू नका. अंदाजाने लिहिलेलं बरोबर येऊ शकतं, कोऱ्या जागेला शून्यच. शेजाऱ्याचं बघून लिहायच्या भानगडीत पडू नका, पकडलं तर वर्ष जातं.

आणि तरीही राहिलंच तर?

निकालानंतर जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा होते. फॉर्म शाळेतूनच भरायचा, मुदत थोडी असते, म्हणून निकालाच्या आठवड्यातच शाळेत जायचं. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश घेता येतो. ज्यांनी मधेच शाळा सोडली त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. यातली कुठलीही वाट धरली तरी सराव हाच राहतो : रोज पाच शब्द, एक गट, पाच वाक्यं. इंग्रजी एकदा राहिली म्हणून शाळा सोडायचं कारण नाही, आणि पोरीची तर मुळीच सोडवू नये.