नव्या हेडफोनचं रुळणं

'रुळणं' हा मराठीतला फार कामाचा शब्द आहे. नवी चप्पल पायाला रुळते, नवी सून घरात रुळते, बदलीवर आलेला मास्तर गावात रुळतो. आमच्याकडे वर्ध्याला नवीन माठ आणला की पहिल्या दोन दिवसांचं पाणी झाडांना घालायची पद्धत. नवी स्कूटर आली की सुरुवातीचे काही आठवडे ती कोणी पळवायची नाही, आणि पळवली तर घरातल्या मोठ्यांची बोलणी खायची. थोडक्यात काय, तर नवी वस्तू लगेच आपली होत नाही. तिला वेळ द्यावा लागतो.

आता या यादीत हेडफोनची भर पडली आहे! माझ्या भाच्याने साठवलेल्या पैशांतून चांगले महागातले हेडफोन घेतले आणि पहिल्या रात्री ते कानाला न लावता गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवले. आत एक आवाज चालू. त्याची आजी उठून बघायला आली, "काय शूऽऽ शूऽऽ करून राहिलं बाप्पा कपाटात?" भाचा म्हणाला, "आजी, हेडफोन रुळवून राहिलो." शंभर तास तो आवाज वाजवायचा, मग पडदा मोकळा होतो आणि खरा आवाज लागतो, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

आजीला हे लगेच पटलं (माठाचंच लॉजिक की!). मला मात्र प्रश्न पडला, की ही रुळवण्याची कल्पना हेडफोनपर्यंत आली कुठून? थोडं खणलं तेव्हा गंमत कळली.

'बर्न-इन' हा शब्द मुळात कारखान्यातला. व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर, सर्किटं यांच्यात जे भाग कच्चे असतात ते बहुतेक सुरुवातीच्या काही तासांतच दगा देतात. म्हणून लष्करी किंवा महत्त्वाची यंत्रं गिऱ्हाइकाकडे पाठवण्याआधी कारखान्यातच तासन् तास तापवून चालवायची, म्हणजे जे मरायचं ते तिथेच मरेल. यात वस्तू 'सुधारण्याचा' काही संबंध नव्हता, फक्त कच्चा माल बाजूला काढायचा होता. पुढे हा शब्द हौशी लोकांच्या हाती लागला आणि त्याचा अर्थ बदलला. वस्तू वाजत राहिली की ती खुलते, असा.

ही समजूत अगदीच हवेतली नाही. मोठ्या स्पीकरमध्ये कागदी शंकूच्या मागे कडक केलेल्या कापडाची एक वळ्यावळ्यांची चकती असते, तिला स्पायडर म्हणतात. नवी असताना ती ताठ असते आणि वापराने थोडी सैल होते. हे मोजता येतं. आपल्याकडे मिरजेच्या तंबोऱ्याचं उदाहरण आहेच. पंढरपूर भागातला भोपळा, त्यावर लाकूडकाम, आणि घोडीवर तासून तासून काढलेली जवारी. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.) तंबोरा वाजून वाजून खुलतो असं जाणकार सांगतात. पण तारेच्या घर्षणाने तीच घोडी झिजते आणि पुन्हा जवारी काढावी लागते, हेही तेच सांगतात. म्हणजे रुळणं आणि झिजणं ही सख्खी भावंडं. स्कूटरच्या इंजिनातही पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांना घासून बसतात. चपलेचं चामडं ताणलं जातं.

मग हेडफोनमध्ये काय घासतं, काय ताणलं जातं?

त्यासाठी जरा मागे जाऊ. सेवाग्राम आश्रमात गेलात तर बापूंच्या दफ्तरात एक टेलिफोन पाहायला मिळतो. व्हाइसरॉय लिनलिथगो (कारकीर्द १९३६ ते १९४३) यांनी गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो बसवून घेतला. साप पकडायचा चिमटा आणि पिंजरा बघायला मुलं गर्दी करतात, टेलिफोनकडे फारसं कोणी बघत नाही. पण कानाला लावायच्या सगळ्या यंत्रांचा तो पूर्वज आहे. त्या काळच्या टेलिफोनच्या कानात एक लोखंडाची पातळ चकती असायची आणि तिच्यामागे चुंबक आणि तारेचं वेटोळं. वीज कमीजास्त झाली की चकती थरथरते, की झाला आवाज. अमेरिकेत नॅथनिएल बाल्डविन नावाच्या माणसाने १९१० च्या सुमारास स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून अशा दोन चकत्या डोक्यावरच्या पट्टीला जोडल्या आणि तिथल्या नौदलाला विकल्या. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं तेव्हा स्वस्तातला रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला वीज लागत नसे, पण हेडफोनशिवाय तो मुका. विलायतेत लोक हेडफोन चिनीमातीच्या वाडग्यात ठेवून त्याभोवती सगळं घर बसवत, कारण वाडग्यात आवाज घुमून थोडा मोठा होई.

पुढे लोखंडी चकतीच्या जागी प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा आला. १९५८ साली जॉन कॉसने गाणं ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन काढले, १९७९ साली सोनीचा वॉकमन आला आणि हेडफोन रस्त्यावर उतरले. आता मुद्दा असा, की या पातळ पडद्यामागे मोठ्या स्पीकरसारखी ताठ चकती सहसा नसतेच आणि त्याची हालचालही फार थोडी. शुअर कंपनीने १९९७ साली बाजारात आणलेल्या आपल्या ई-१ इअरफोनच्या भरपूर वापरलेल्या जोड्या नंतर मोजून पाहिल्या, तर त्या नव्यासारख्याच भरल्या. इतर मोजमापांत कुठे फरक दिसलाच तर तो बारीक. हेडफोन डोक्यावर केसभर पुढेमागे सरकवला तर याहून जास्त फरक पडतो!

हेडफोनमध्ये खरोखर रुळतात त्या कानावरच्या गाद्या. त्या दाबल्या जाऊन डोक्याच्या आकाराला बसतात आणि त्यामुळे खर्जाचा आवाज थोडा बदलतो. पण त्यासाठी डोकं लागतं, कपाट नाही. आणि दुसरं रुळतं ते आपलं मन. आठवडाभर एकाच हेडफोनवर ऐकलं की त्याचा तोंडवळा ओळखीचा होतो, आणि आपल्याला वाटतं की हेडफोन सुधारला.

भाच्याने लावलेल्या आवाजाचं नाव पिंक नॉइज. याचा एक भाऊ व्हाइट नॉइज. जुन्या रेडिओवर दोन स्टेशनांच्या मध्ये जी खरखर यायची ती साधारण व्हाइट नॉइजच्या जातीची. नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली, तेव्हापासून वर्ध्यातल्या घरांनी बटण फिरवता फिरवता ती भरपूर ऐकली आहे. यात सगळ्या कंपनांना सारखी ताकद असते. पण प्रत्येक वरचं सप्तक खालच्याच्या दुप्पट रुंद, म्हणून त्याला दुप्पट ताकद मिळते आणि आवाज टोचरा होतो. पिंक नॉइजमध्ये मंद्र, मध्य, तार अशा प्रत्येक सप्तकाला सारखाच वाटा दिलेला असतो. त्यामुळे तो पावसासारखा, जरा सुसह्य वाटतो. थिएटरांतले स्पीकर जुळवायला तो वापरतात.

इथपर्यंत सगळं मजेचं होतं. पण भाचा पुढे म्हणाला, "मामा, थोडा वेळ कानालाही लावतो, फुल्ल व्हॉल्यूमवर. कानाचीबी सवय होऊन जाते." हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं.

१८८० च्या दशकात आमच्या जिल्ह्यात हिंगणघाटला आणि पुढे पुलगावला कापडगिरण्या उभ्या राहिल्या. कापूस इथलाच, मजूर इथलेच. त्याच दशकात, १८८६ साली, तिकडे ग्लासगोमध्ये थॉमस बार नावाच्या डॉक्टरने बॉयलर ठोकणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले. त्यातल्या एकाचेही धड नव्हते. त्याआधी १७१३ मध्येच रामाझिनी या इटालियन वैद्याने तांबटांच्या बहिरेपणाबद्दल लिहून ठेवलं होतं. म्हणजे इथे पहिले माग सुरू झाले तेव्हा गोंगाटाने कान जातो हे जगाला माहीत होतं. मागावरच्या माणसाला ते सांगायला मात्र कोणी आलं नाही.

माझे मोठे बाबा (वडिलांचे थोरले भाऊ) जिल्ह्यातल्या एका गिरणीत मागावर होते. मागांच्या खात्यात आवाज सहज नव्वद डेसिबलच्या वर असतो. तिथे बोलून उपयोग नसायचा, ओठ आणि हात वाचायचे. आम्ही लहानपणी विचारायचो, इतक्या आवाजात कसं हो करता? ते हसून म्हणायचे, "काही नाही रे, सहा महिन्यांत सवय होऊन जाते."

ती सवय नव्हती. आतल्या कानात जन्मतः साधारण पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या आधी थकतात, मग मरतात. मेल्या की गेल्या. १९८८ साली शास्त्रज्ञांना आढळलं की कोंबडीच्या पिल्लांच्या कानात या पेशी पुन्हा उगवतात. माणसाच्या नाही. गायनात गुरू म्हणतात 'कान तयार होऊ दे', तेव्हा जे होतं ते मेंदूत. गिरणीत 'कान रुळला' म्हणायचे तेव्हा तो मरत असायचा. शब्द एकच, म्हणून घोटाळा.

म्हणून मी भाच्याला हेडफोन रुळवू नको असं सांगितलं नाही. हौस आहे, करू दे. एवढंच सांगितलं की आवाज चालू असताना ते कानाला लावायचे नाहीत. व्हॉल्यूम रोज ऐकतो तेवढाच ठेवायचा, कारण न थांबणाऱ्या गोंगाटाने आतलं तारेचं वेटोळं तापतं, आणि फुल्लवर सोडलं तर नवा हेडफोन रुळण्याऐवजी जळायचा. गोधडीत गुंडाळून चार्जिंगला लावून झोपायचं नाही. मधे मधे बंद करायचं. डोक्यावर चढवण्याआधी आवाज खाली आणायचा. आणि खरं तर शंभर तास गाणीच ऐकली तरी चालतं!

जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ सालचा हिशेब सोपा आहे. ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे ८३ ला २० तास आणि ८९ ला पाच. हा हिशेब मी त्याला कागदावर लिहून दिला. त्याने मोबाईलमध्ये मर्यादा लावून घेतली, निदान माझ्यासमोर तरी.

मोठ्या बाबांना रिटायर झाल्यावर टीव्ही मोठ्याने लागायचा, त्यावरून घरात कुरबुर व्हायची, पण बोलणं समजत असे. म्हणून ते बहिरे आहेत असं कोणाला वाटलं नाही. कान जातो तो आधी वरच्या पट्टीचा. एका पावसाळ्यात आम्ही अंगणात बसलो होतो. लाइट गेलेली, वावरातून रातकिड्यांचा नुसता कल्लोळ. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "यंदा रातकिडे नाही आले काय रे?"

कोणी काही बोललं नाही. मोठ्या आईने फक्त कंदिलाची वात वर केली.