चित्र प्रवासाला निघतं तेव्हा

जुन्या घरांच्या भिंतींवरची लक्ष्मी-सरस्वतीची छापील चित्रं आपल्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिली असतील. काचेच्या चौकटीत बसवलेली, कडेने पिवळी पडलेली, आणि खाली बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव. ‘ही राजा रविवर्म्याची हं,’ असं घरातली मोठी माणसं अभिमानाने सांगायची. ती रविवर्म्यांची होती हे खरं, पण रविवर्म्यांच्या हातची नव्हती. मूळ चित्र आणि आपल्या भिंतीवरची प्रत यांच्यामध्ये एक प्रवास झालेला होता, आणि त्या प्रवासात बरंच काही वाटेत गळून पडलं होतं.

आज आपल्या लेकीसुना आपलं भरतकाम, रांगोळ्या, चित्रं वेबसाईटवर चढवतात आणि म्हणतात, ‘प्रत्यक्षात किती सुंदर आहे, इथे कसं फिकट नि मळकट दिसतंय!’ ही तक्रार नवी वाटते, पण तिची मुळं जुनी आहेत.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी रविवर्म्यांकडून पुराणकथांवरची 14 चित्रं करवून घेतली. राजवाड्यात लागण्याआधी ती लोकांना पाहायला खुली ठेवली, तेव्हा माणसांची रीघ लागली. पण चित्र एक आणि पाहणारे हजारो, हा हिशेब जुळायचा कसा? म्हणून 1894 साली मुंबईत छापखाना निघाला. यंत्रं जर्मनीची, पद्धत शिळाछापाची. पुढे तो छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि नंतर रविवर्म्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला.

शिळाछाप म्हणजे दगडावरून छपाई. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं, तेही उलटं. एका रंगाला एक दगड. चित्रात जितके रंग, तितके दगड, आणि तितक्या वेळा तोच कागद दाबाखालून काढायचा. कॅनव्हासवर चित्रकार एका पदराच्या घडीत कितीतरी छटा मिसळतो. दगडांवर तितक्या छटा परवडत नाहीत. मग कारागीर ठरवायचा, कुठली छटा ठेवायची आणि कुठली सोडायची. गालावरची हलकी सावली गेली तरी चालेल, पण डोळे आणि दागिने ठसठशीत यायला हवेत. ही काटछाट माणूस करत होता, चित्राकडे बघून करत होता.

त्यात नुकसान झालं का? झालं. पण राजवाड्याची पायरी जिने कधी चढली नसती, तिच्या स्वयंपाकघराशेजारी लक्ष्मी आली. आणि आपल्या बायका काही स्वस्थ बसल्या नाहीत. कित्येक घरांत या छापील चित्रांवर जरीची नाजूक कामं झाली, टिकल्या लावल्या गेल्या, देवीला खऱ्या कापडाचं लुगडं नेसवलं गेलं. छापताना हरवलेली झळाळी त्यांनी सुईदोऱ्याने परत आणली, असं मला ती चित्रं पाहताना नेहमी वाटतं.

आता आपल्या काळाकडे येऊ. आज फोटो मोबाईलमधून वेबसाईटवर जातो तेव्हा त्याची काटछाट करण्याची जी रीत आहे, तिच्या मुळाशी एका भारतीयाचं डोकं आहे, आणि आम्हा बेळगावकरांना विशेष वाटावं असं, ते आमच्याच कर्नाटकातले. नासिर अहमद यांचा जन्म 1940 साली बेंगळुरूत झाला, इंजिनिअरिंगची पदवीही तिथलीच. पुढे ते अमेरिकेत गेले आणि कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवू लागले. 1972 साली त्यांनी चित्रातली माहिती आटोपशीर मांडण्याच्या एका गणिती पद्धतीसाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. अर्ज नामंजूर झाला. कल्पना फारच सोपी आहे, असा एका परीक्षकाचा शेरा होता. पगार वर्षातले नऊच महिने मिळायचा. तरी 1973 चा सगळा उन्हाळा त्यांनी याच कामाला दिला, आणि घर साठवलेल्या पैशांवर चाललं. एखादी कल्पना जगात येते तेव्हा त्यामागे कुणाच्या तरी घरची शिल्लक खर्ची पडलेली असते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

जानेवारी 1974 मध्ये नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव या तिघांचा चार पानी निबंध प्रसिद्ध झाला. ‘डिस्क्रीट कोसाईन ट्रान्सफॉर्म’ हे त्या पद्धतीचं नाव. पुढे 1986 साली तज्ज्ञांची एक समिती बसली, आणि 1992 साली याच पद्धतीवर आधारलेलं प्रमाण ठरलं. समितीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं म्हणजेच आपल्या ओळखीचं ‘जेपीईजी’.

त्या वेळी याची गरज किती होती ते पाहा. 640 ठिपके रुंद आणि 480 ठिपके उंच असं लहानसं रंगीत चित्र, काही न गाळता, साधारण 900 किलोबाईटचं होतं. तेव्हाच्या चांगल्या मोडेमवरून ते यायला सुमारे साडेआठ मिनिटं लागली असती. दहा पट लहान केलं की तेच चित्र मिनिटाच्या आत पोहोचतं. चित्रात काही गाळलं नसतं, तर ते घरातून निघालंच नसतं.

हे गाळणं होतं कसं? चित्राचे आठ बाय आठ, म्हणजे 64 ठिपक्यांचे चौकोन पाडतात. नासिर अहमदांचं गणित त्या चौकोनातले ठळक, सावकाश होणारे बदल एका बाजूला आणि बारीक, झटपट होणारे बदल दुसऱ्या बाजूला मांडतं. ते स्वतः काही फेकत नाही. त्यानंतर चाळणी लागते. जाडं वर राहतं, बारीक खाली पडतं, आणि खाली पडलेलं परत येत नाही. शिवाय माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक लवकर कळतो, रंगातला बारीक फरक तितका कळत नाही. म्हणून रंगाची माहिती बहुधा आधीच अर्धी-पाव करून टाकतात.

आमच्या ओळखीतल्या एकीने काळ्या चंद्रकळेवरच्या कशिद्याचे फोटो वेबसाईटवर घातले. धारवाडकडचा आपला कसूती कशिदा, लाल धाग्याचा, मोजून घातलेला एकेक टाका. पडद्यावर टाके दिसेचनात, नुसता तांबूस पट्टा. तिला वाटलं फोटोच बिघडला. पण काळ्यावर लाल म्हणजे उजेडाचा फरक थोडा आणि रंगाचा फरक मोठा, शिवाय टाके अगदी बारीक. चाळणीतून जे आधी पडतं, नेमकं तेच तिचं सगळं काम होतं. निसर्गदृश्याला, माणसाच्या चेहऱ्याला जी चाळणी मानवते, ती कशिद्याला मानवत नाही. मळवलीचा कारागीर निदान चित्राकडे बघून ठरवत होता. इथे चाळणी सगळ्यांना एकच, आणि तिला टाका म्हणजे काय ते ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट आहे. मोबाईलने एकदा चाळलेला फोटो वेबसाईट पुन्हा लहान करते आणि पुन्हा चाळते. मोबाईलसाठी एक, संगणकासाठी एक, अशा निरनिराळ्या मापांच्या प्रती होतात. म्हणून वेबसाईट ज्या मापात चित्र दाखवते त्याच मापाचा फोटो आपण करून दिला तर झीज कमी होते. रेघांच्या आणि टाक्यांच्या कामाला ‘पीएनजी’ हा प्रकार बरा, तो काही गाळत नाही, फाईल मात्र जड होते. रंग फिके पडत असतील तर फोटो ‘एसआरजीबी’ या रंगपद्धतीत साठवावा, बहुतेक पडदे तीच धरून चालतात. आणि टाक्यांचा जवळून घेतलेला एक फोटो वेगळा द्यावा, म्हणजे पाहणारीला हात कळतो.

या सगळ्याहून मोलाचं मला एकच वाटतं. 1972 साली, म्हणजे अहमदांचा अर्ज नामंजूर झाला त्याच वर्षी, मळवलीचा छापखाना आगीत जळाला. पुष्कळ जुने छाप गेले. तरीही बडोद्याला मूळ चित्रं भिंतीवर होती, म्हणून रविवर्म्यांचा खरा रंग काय होता हे आजही कळतं. आपल्यापैकी कित्येक जणी काम विकून टाकतात, जागा नाही म्हणून मूळ फोटोही पुसतात, आणि मागे उरते ती फक्त वेबसाईटवरची चाळलेली प्रत. उद्या नातीने विचारलं, आजीचा टाका किती बारीक होता, तर ती प्रत उत्तर देऊ शकणार नाही. म्हणून प्रत खुशाल जगभर फिरू दे, पण मूळ फोटो दोन ठिकाणी जपून ठेवा, आणि जमलं तर निदान एक तरी काम घरात, पेटीत, मऊ कापडात गुंडाळून.